शालनच्या माहेरचे भरले टोमॅटो

बायकोला घरी ठेवून एकट्यानंच तिच्या माहेरी निघालेल्या जावयाकडे लोक जरा संशयानं बघतात. सांगलीच्या स्टँडवर ओळखीचा कंडक्टर भेटला. त्यानं विचारलं, "वहिनी कुठायत?"

"घरी."

"मग तुम्ही कुठं निघालात?"

"त्यांच्या माहेरी."

त्यानं माझ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "भांडण जुनं आहे का नवीन?"

भांडण नव्हतं. माझ्या बॅगेत शालननं बांधून दिलेल्या दशम्या होत्या आणि डोक्यात एकच काम होतं. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आमच्या तोंडात अजून बसलेल्या औरंगाबादला, जाऊन खिमा भरलेले टोमॅटो भट्टीत कसे भाजतात ते शिकून यायचं. या वयात नवरा माणूस एवढ्यासाठी बारा-तेरा तास एसटीत बसतो, हे कंडक्टरला पटलं नसतं. म्हणून मी नुसता हसलो.

करोनाच्या साथीत आम्ही दोघंही आजारी पडलो. मी उठलो, शालनही उठली, पण तिला वास यायचा बंद झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, येईल, धीर धरा. धीर धरण्यात वर्षं गेली. आंबट, खारट, तिखट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं गायब. चहा म्हणजे गोड गरम पाणी आणि आमटी म्हणजे आंबट गरम पाणी, असं ती सांगते. जी बाई दारातून आत येतानाच "दूध उतू जाणारे" म्हणून ओरडायची, ती आता समोर फोडणी जळली तरी शांतपणे पेपर वाचत बसते. मला ते बघवत नाही.

खाण्याविषयी ती बोलेनाशी झाली होती. बोलली तर एकाच पदार्थाविषयी बोलायची. तिच्या लहानपणी तिच्या घरचे लोक औरंगाबादेत शहागंजच्या मागच्या एका गल्लीत भाड्यानं राहायचे. तिथं पाव-टोस्टची एक बेकरी होती. सकाळचे पाव निघाले की भट्टी विझवत, पण तिची धग संध्याकाळपर्यंत राही. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेतात, तशी त्या गल्लीतली घरं आपापली भरल्या भाज्यांची ताटं तिथं भाजायला देत. शालनच्या घरून टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या जायच्या, पोटात खिमा भरलेल्या. ते ताट घरी येताना अख्ख्या गल्लीत जो वास सुटायचा, तो मला आठवतो, असं ती म्हणायची. येतो असं नाही म्हणायची.

"चल तुझ्या माहेरी," मी किती वेळा म्हणालो. दर वेळी काहीतरी निघायचं. शेवटी एकदा भांडी पुसता पुसता ती बोलली, "तिथं जाऊनसुद्धा नाही आला तर? आत्ता निदान असं तरी वाटतं, की तिथं गेले असते तर आला असता."

मग मीच तोडगा काढला. मी शिकून येतो, आपल्या घरी करतो. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "ते चालेल. नाही आला वास, तर तुमच्या हातात दम नाही म्हणता येईल." असा मी नापास व्हायची पूर्ण तयारी ठेवून परीक्षेला निघालो.

रात्रीची एसटी, पहाटे पुण्यात गाडी बदलली. नगर मागं पडलं, कायगावला गोदावरी ओलांडली. जायकवाडीचं पाणी तिथपर्यंत मागं चढून आलेलं असतं, त्यामुळं नदी चांगली ऐसपैस दिसते. कडेनं कापलेल्या तुरी, मध्येच ज्वारीचं उभं पीक आणि हवेत थंडी. शालन बरोबर असती तर खिडकीची जागा तिला द्यावी लागली असती आणि पूल येताच तिनं नाणं टाकायला माझा खिसा चाचपला असता. खिडकी माझीच होती. मी नाणं टाकलं नाही.

शालनचे धाकटे भाऊ उत्तमराव आता हर्सूलला राहतात. शेती फुलंब्रीच्या बाजूला, नोकरी कारखान्यात, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांची मोटारसायकल. ते घ्यायला आले. वाकून पाया पडले आणि वर होता होता म्हणाले, "दाजी, आक्का कामून नाय आली?"

मी खरं ते सांगितलं. त्यांनी बॅग उचलून टाकीवर ठेवली. गाडी सुरू करून बरंच पुढं गेल्यावर मान मागं वळवून ओरडले, "पण दाजी, वार बघून तरी यायचं! आज गुरुवार हाये!"

गुरुवारी त्यांच्या घरात वशाट (मांसाहार) चालत नाही. सोमवारी आणि शनिवारीही नाही. इतकी वर्षं जावई असून माझ्या लक्षात राहिलं नव्हतं, कारण इतकी वर्षं तारखा शालन ठरवायची.

गुरुवार मग शेतात गेला. फुलंब्रीच्या अलीकडं रस्त्यालगत त्यांचा टोमॅटोचा तुकडा आहे. मी लालबुंद टोमॅटो तोडायला लागलो तर उत्तमरावांनी माझ्या हातातून काढून घेतले. "हे भट्टीत बसत्यात खाली. असं घ्या." त्यांनी दाखवलेले टोमॅटो अर्धेच पिकलेले, बुडाशी हिरवट, दाबले तर अंगठ्याला दाद न देणारे. शेजारच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. आम्ही बांधावर बसून हुरडा खाल्ला. वेरूळची लेणी इथून तासाभरावर. इतक्या जवळ येऊन लेणी न बघणारा आणि ते छापून सांगणारा प्रवासी बहुधा मीच. वाचकांनी माफ करावं, माझं सगळं चित्त टोमॅटोत होतं.

शुक्रवारी सकाळी मी बाह्या सरसावून मागच्या अंगणात गेलो आणि तिथं खरा तंटा उभा राहिला.

या घरात देवघर स्वयंपाकघरातच आहे, म्हणून वशाट आत शिजत नाही. अंगणात त्याची वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि ते शिजवायचं पुरुषांनी. इथपर्यंत माझ्या सोयीचं होतं. पण मी पुरुष असलो तरी जावई होतो. उत्तमरावांनी माझ्या हातातली पळी धरली.

"दाजी, तुम्ही चुलीम्होरं बसणार? आन् म्या बघत बसू? भावकी तोंडात शेण घालंल माझ्या."

"अहो, मी शिकायलाच आलोय."

"शिका की. खुर्चीवर बसून शिका."

खरंच त्यांनी खुर्ची आणून ठेवली, वर चादर अंथरली आणि हातात चहा दिला. मी चहा पीत पीत कांदा चिरताना बघत होतो. असं शिकून कुणाला काय येणार? मी चिडून उठलो, तेव्हा पायरीवरून आवाज आला.

"त्यायला करू द्या ओ. ते जावई म्हनून नाय आले, वन्संचा हात म्हनून आलेत."

सिंधूवहिनी, उत्तमरावांची बायको. त्यांनी काही वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून वशाट खात नाहीत, शिवतही नाहीत. पण या पदार्थाची खरी माहीतगार घरात त्याच, कारण सासूबाईंच्या हाताखाली त्याच तयार झालेल्या. त्यामुळं त्या पायरीवर बसून सांगतात आणि उत्तमराव करतात. आता चुलीपुढं मी बसलो आणि उत्तमराव त्या चादरीच्या खुर्चीवर, शेजारच्या गच्चीवरून कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत.

"खोबरं अजून भाजा," वहिनी म्हणाल्या.

"काळं पडेल."

"नाय पडत. वास कच्चा हाये अजून. मला हितपर्यंत येतोय."

"वहिनी, माळकरणीला वास चालतो?"

"वासानं माळ बाटत नाय," त्या हसून म्हणाल्या. "खायचं सोडलं, नाक न्हाय सोडलं."

एकीला नुसता वास चालतो आणि दुसरीला वास सोडून सगळं चालतं. दोघी एकाच घरच्या. मला ते फार लागलं आणि मी बराच वेळ चुलीत फुंकत राहिलो, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला धुराचं कारण मिळालं.

कृती अवघड नाही. टोमॅटोची वरची चकती कापून ठेवायची, ते त्याचं झाकण. आतला गर काढायचा, आत मीठ चोळून टोमॅटो पालथे घालायचे, म्हणजे पाणी गळून जातं. कांदा लालसर परतायचा, आलं-लसूण, काळा मसाला, वाटलेलं खोबरं, मग खिमा आणि तो टोमॅटोचा गर. पाणी आटेपर्यंत हलवत बसायचं. शेवटी या घरची खरी गोष्ट, येसर (धान्यं आणि डाळी मसाल्यासह भाजून दळलेलं पीठ). एरवी मराठवाड्यात त्याची आमटी करतात. इथं मूठभर येसर खिम्यात जातं, उरलासुरला रस धरून ठेवतं आणि भट्टीत आतल्या आत फुलतं.

"दाबून नका भरू," वहिनी म्हणाल्या. "पोटभर जेवलेल्या मानसाला सुदीक श्वास घ्यायला जागा लागती."

ताट भरलं. टोमॅटो, मध्ये ढोबळ्या मिरच्या, वर तेलाचा हात. वहिनींनी भाज्यांच्या टोपलीतून एक लहानसं वांगं उचललं, लांबूनच ताटाच्या कोपऱ्यात टाकलं आणि हात धुवायला गेल्या. मोटारसायकलवर मागं ताट मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा ते वांगं माझ्या नजरेत सलायला लागलं. न भरलेलं, न चिरलेलं, सगळ्या देखण्या रांगेत एकटंच आगाऊ. चुकून पडलं असणार. दिल्ली दरवाज्याजवळ वाहतूक अडली होती. तिथं एक शेळी फार आशेनं आमच्याकडे बघत होती. मी वांगं तिला दिलं. मला वाटलं, ताटही नीट झालं आणि पुण्यही लागलं.

बेकरी अजून तिथंच आहे. पाव निघून गेले होते, भट्टीच्या तोंडाशी ताटांची रांग लागली होती. शुक्रवार असल्यामुळं गर्दी जास्त. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीवर एकेक ताट घेऊन आत सरकवत होते. उत्तमरावांनी आमचं ताट ठेवलं, "चाचा, बैंगनवाला," एवढंच सांगितलं आणि गाडीत हवा भरायला गेले. चाचांनी न बघताच मान हलवली. मला त्या शब्दाचा अर्थ तेव्हा लागला नाही.

थोड्या वेळानं वास सुटला.

मी शालनला फोन लावला. "भट्टीसमोर उभा आहे," म्हणालो.

पलीकडे तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "सुटला?"

"सुटलाय."

"कसा येतोय? सांगा ना."

इतकी वर्षं मी प्रवासवर्णनं लिहितो. घाट, देवळं, बाजार, लिहून लिहून वाचकांना दमवलंय. आणि त्या भट्टीसमोर मला एक वाक्य सुचेना. "चांगला येतोय," मी म्हणालो. "खमंग. जरा आंबूस. लाकडाचा पण आहे त्यात."

"बरं," ती म्हणाली. "अजून?"

"अजून... तू असायला हवी होतीस."

"ते वासात येत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी तिथंच मोबाईल हातात घेऊन उभा राहिलो. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिची इतकी आठवण मला कधी आली नव्हती, आणि ती तर फक्त सांगलीत होती.

ताटं बाहेर येऊ लागली. कुणाच्या ताटात एक अख्खी लाल मिरची, कुणाच्या मधोमध लसणाचा गड्डा, कुणाच्या कोपऱ्यात लिंबू. लोक येत, बघत, कागद झाकून घेऊन जात. कुणी नाव विचारत नव्हतं की सांगत नव्हतं. आमचं ताट काही निघेना. शेवटी एकच ताट उरलं. त्यातही टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या होत्या, पण मिरच्या आमच्यापेक्षा लहान. उत्तमराव परत आले आणि त्यांनी विचारलं, "वांगं कुठंय?"

"कसलं वांगं?"

"आपली खूण, दाजी! वांगं म्हंजे आपलं ताट!"

मी शेळीची हकीकत सांगितली. चाचा हातातली फळी टेकवून माझ्याकडे बघत राहिले. "बिना निशानी का ताट इस गली में एकीच घर का रहता," ते म्हणाले. "मैं सोच रहा था, आज दो कैसे हो गए."

म्हणजे त्या एका घराला खूण न ठेवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला, आणि मी वांगं शेळीला घालून आमचं ताट त्यांच्या पदरात टाकलं होतं. उत्तमरावांनी कपाळाला हात लावला. मी खाली बसलो. शिकायला आलेला पदार्थ भट्टीतून निघून परक्याच्या घरी गेला होता आणि मी तो चाखलाही नव्हता.

एवढ्यात गल्लीच्या वळणावरून एक वयस्क बाई ताट धरून लगबगीनं परत येताना दिसल्या.

"ये किसका है रे?" त्या लांबूनच म्हणाल्या. "मैं घर तक गई भी नै, बास बोली ये हमारे घर का नै."

कागद तसाच होता. त्यांनी उघडूनही बघितलं नव्हतं, नुसत्या वासावरून ओळखलं होतं. चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळी कथा सांगितली. त्या ताट खाली ठेवून इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. मग स्वतःच्या ताटातला एक टोमॅटो त्यांनी कागदावर घेऊन माझ्या हातात दिला. "खाव. बकरी कू खिलाया, खुद बी खाव."

तो मी उभ्यानं खाल्ला. त्यात पुदिना होता, येसर नव्हतं, आणि चव झकास होती. त्यांनी विचारलं, कुठून आलात, कशासाठी? मी सांगितलं. त्यांचं हसू थांबलं.

"नाम क्या बीवी का?"

"शालन."

"कोने के घर की शालन? दो चोटीवाली?" त्या माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. "उनू तो ताट लेने आती थी. रस्ते में एक खाके जाती थी, घर में बोलती थी, भट्टी में फट गया."

ही गोष्ट शालननं मला कधीच सांगितली नव्हती. उत्तमरावांनाही ठाऊक नव्हती. एका टोमॅटोचा हिशेब त्या घरात इतकी वर्षं चुकीचा लागत होता.

हर्सूलला आल्यावर आम्ही अंगणात बसून आमचं ताट खाल्लं. सालं सुरकुतली होती, झाकणांच्या कडा किंचित काळ्या झाल्या होत्या, आणि फोडल्यावर आतून लालसर तेल कडेला आलं. सिंधूवहिनी पायरीवर बसून आमच्याकडे बघत होत्या. "झालंय का?" त्यांनी विचारलं. उत्तमरावांनी तोंड भरलेलं असल्यानं नुसती मान हलवली. मला फार आवडलं.

निघताना वहिनींनी येसराचं पुडकं बॅगेत घातलं आणि उत्तमरावांनी शेतातले टोमॅटो. स्टँडवर ते पुन्हा वाकून पाया पडले. "आक्काला सांगा," म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ओट्यापाशी उभा राहिलो. चूल नव्हती, गॅस होता. भट्टी नव्हती, केक करायला कधीतरी घेतलेला छोटा ओव्हन होता. शालन स्टुलावर बसून बघत होती. मी खोबरं भाजताना वास कच्चा येतोय का पिकलेला, हे मीच हुंगून ठरवत होतो. भट्टीवरची दोन वेण्यांची गोष्ट मी तिला सांगितली, तर ती लाजली. या वयात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, टोमॅटोवरून लाजली.

ओव्हन तापला आणि घरभर वास भरला. वरच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंनी जिन्यातून हाक मारली, "शालनताई, काय करताय हो? वासानं भूक लागली!"

शालननं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

ताट पुढं ठेवलं. तिनं एक टोमॅटो घेतला, झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली आणि डोळे मिटून खूप वेळ तशीच बसली. मग घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस करत नव्हतो. आता ती म्हणेल, तुमच्या हातात दम नाही. म्हणू दे, म्हणून तर मी गेलो होतो.

"साल तसंच सुरकुतलंय," ती म्हणाली. "येसर तसंच रवाळ लागतंय. मीठ, तिखट, आंबट, सगळं तसंच." तिनं ताटाच्या कडेला आलेलं तेल बोटानं निपटलं. "तुमचा हात चुकला नाही हो. अगदी आईसारखं झालंय. वास मलाच येत नाही."

रडायला मला आलं. ती माझी पाठ चोळत राहिली, वास माझा गेल्यासारखी. मग तिनं दुसरा टोमॅटो वाढून घेतला.

प्रवासाला गेलेला माणूस काहीतरी घेऊन परत येतो, असं मी आजवर बऱ्याच लेखांच्या शेवटी लिहिलंय. या वेळी जे आणायला गेलो, ते आणता आलं नाही. उलट तिनं इतकी वर्षं जपून ठेवलेलं एक 'कदाचित' मी माझ्या हातानं संपवून टाकलं, आणि ते मला अजून खुपतं.

पण जेवण झाल्यावर शालननं कपाटावरची मोठी बॅग खाली काढायला लावली. उत्तमसाठी काय न्यायचं, वहिनीसाठी काय न्यायचं, असं ती मोठ्यानं बोलत होती.

"तिथं तरी काय वेगळं होणार आहे?" मी न राहवून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आता कशाला भिऊ? वास नाही तर नाही. माणसं तर आहेत. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मी जेवीन, वास तुम्ही घ्यायचा."